बसायची नोकरी

स्कादर तळ्याच्या काठी ब्रेस्तोवो नावाचं आमचं गाव. तिथं यागोशला कुणी विचारलं, की बाबा रे, आयुष्यात तू केलंस काय, तर तो जरा वेळ घेऊन सांगायचा, "केलं काही नाही, पण कुणाचं बिघडवलंही नाही." हे तो लाजून सांगत नसे. आपल्या आळसाच्या गोष्टी गावाला पुरवायचं काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं होतं. त्याच्या मते आपली निंदासुद्धा दुसऱ्याच्या हाती सोपवू नये, लोक कामात हयगय करतात.

गावाला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट कारखान्याची. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात यागोश बावीस वर्षं फाटकावर बसला. कारखाना बंद पडला तेव्हा आतल्या सगळ्यांना सांगण्यात आलं, फाटकावरच्या माणसाला सांगायचं राहून गेलं. यागोश पुढे चार दिवस नेमानं जाऊन बसत होता. "मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय," तो सांगायचा. "आत कुणी जात नाही, बाहेर कुणी येत नाही. फाटकवाल्याला याहून काय हवं?" पाचव्या दिवशी त्याची बायको स्ताना जाऊन त्याला घरी घेऊन आली.

त्यानंतरची दहा वर्षं तो अंगणातल्या तुतीखाली बसला. द्राक्षाचा मळा स्तानानं पाहिला, मासे धुरावर स्तानानं धरले, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि त्यांच्या चादरी धुवायच्या तेही तिनंच. ती म्हणायची, "माझ्या अंगणात दोन झाडं आहेत. तुतीला निदान फळ येतं." हे वाक्य यागोशला इतकं आवडलं की कॉफीच्या दुकानात तो ते स्वतःच्या नावावर खपवायचा.

अशा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी लागली, आणि ती त्याच्या आळसामुळेच लागली.

झालं असं, की राजधानी पोदगोरित्साहून पाणपक्षी मंडळाची एक मुलगी गावात आली. तिचं नाव तेओदोरा. वय तिशीच्या आतबाहेर, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. हे मंडळ म्हणजे चार-पाच पगारी माणसं आणि बाकी वर्गणीवर चालणारा कारभार. तळ्यावरचे पेलिकन वाचवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. चोचीखाली झोळी लटकवून फिरणारा हा पक्षी आमच्या आजोबांच्या काळी शेकड्यानं होता. मागच्या साली एकही पिल्लू जगलं नव्हतं. एकतर वसंतात पाणी चढलं की बेटावरची घरटी बुडायची. दुसरं म्हणजे होड्या. होडी जवळ आली की पक्षी अंड्यांवरून उठतो, आणि तो उठला की करडे कावळे दहा मिनिटांत अंडी फस्त करतात. पहिल्या दुखण्यावर मंडळानं तराफे बांधले होते. वर वेत आणि लव्हाळं अंथरलेले लाकडी तराफे, पाण्याबरोबर वर-खाली होणारे. दुसऱ्या दुखण्याला राखणदार हवा होता.

आधी दोन राखणदार होऊन गेले होते. पहिला आठवड्यात कंटाळून पळाला. दुसरा कामसू निघाला. त्यानं घरटी नीट करायला म्हणून रोज तराफ्यावर चकरा मारल्या आणि कावळ्यांची चांगली सोय केली. म्हणून तेओदोरानं कॉफीच्या दुकानात उभं राहून सरळ विचारलं, "सहा-सहा तास एका जागी बसून राहील, काहीही करणार नाही, असा कुणी आहे का तुमच्यात?"

सगळ्या दुकानाचे हात एकाच टेबलाकडे वळले. यागोशचं म्हणणं, त्यानं स्वतःही स्वतःकडे बोट दाखवलं, फक्त त्याचा हात वर यायला थोडा उशीर झाला.

"काका, पक्ष्यांबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"पेलिकन तरी ओळखता ना?"

"तोंडओळख आहे. तेही मासे खातात, मीही खातो. धरायचे कसे ते त्यांना येतं."

ती हसली नाही. तिनं त्याला दुर्बीण दिली, एक वही दिली आणि डोंगराच्या उतारावरचं मचाण दाखवलं. तिथून खाली तराफे तळहातावर ठेवल्यासारखे दिसत.

आपण या कामासाठीच जन्मलो, असं यागोशला पहिले दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं की आपल्याला बसताही येत नाही. तुतीखाली तो बसायचा ते डोळे मिटून. इथं बसून बघायचं होतं. बघता बघता पापण्या जड व्हायच्या, जाग यायची तेव्हा सूर्य दुसरीकडे गेलेला असायचा. आठवड्यानं तेओदोरानं वही पाहिली. सोमवार : पक्षी आहेत. मंगळवार : सोमवारसारखंच. बुधवार : पाऊस, पक्षी बहुधा आहेत.

"किती पक्षी, काका?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"माझ्या लग्नाला होते त्याहून कमी."

ती त्याच्या शेजारी बसली आणि दुर्बिणीतून एकेक घरटं कसं मोजायचं ते शिकवलं. कुठला पक्षी बसलाय, जोडीदार कधी येतो, बदली कशी होते. बदली होताना दोघं माना उंच करून एकमेकांकडे बघतात, मग बसलेला अवघडल्यासारखा उठतो आणि आलेला पोटाखाली अंडी सरकवून घेतो. दिवस दिवस हे चालतं. यागोश बराच वेळ बघत राहिला. संध्याकाळी घरी येऊन स्तानाला म्हणाला, "अगं, ते नवरेही बसतात. पाळीपाळीनं."

"तुझी पाळी तीस वर्षं चाललीय," स्ताना म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

हळूहळू तो शिकला. मार्च संपेपर्यंत मोठ्या तराफ्यावर अकरा घरटी झाली आणि यागोशला ती अकराही वेगवेगळी ओळखता येऊ लागली. वहीत वेळा येऊ लागल्या, आकडे येऊ लागले. दुकानात तो सांगायचा, की आपल्याला वाईट सवय लागलीय, काम नीट करायची. घरी कुणाला कळवू नका.

मग ईस्टर आला, आणि ईस्टरबरोबर मिलुनचे पर्यटक.

मिलुन हा स्तानाचा धाकटा भाऊ, यागोशचा मेहुणा. बुटका, चपळ, एका जागी दोन मिनिटं न टिकणारा. त्याची इंजिनवाली लांब होडी होती आणि उन्हाळाभर तो लोकांना तळ्यावर फिरवायचा. ईस्टरच्या सोमवारी तो होडी तराफ्याच्या अगदी कडेला घेऊन गेला. माणसं उभी राहून फोटो काढू लागली. यागोशनं दुर्बिणीतून पाहिलं : पक्षी उठले, सगळे. होडी गेल्यावर एकेक करून परतले. पण कडेच्या घरट्यावरची जोडी परतायच्या आधी तिथं दोन करडे कावळे उतरले होते. एक अंड्याला टोचत होता, दुसरा त्याची वाट बघत उभा होता.

त्या दिवशीच्या वहीत यागोशनं लिहिलं, "विशेष काही नाही." मेहुण्याचं नाव कसं लिहायचं? आळशी म्हणून गावानं त्याला मान्य केलं होतं, पण चहाडखोर म्हणून करणार नव्हतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तेच पान उघडून त्यानं खाली लिहिलं : मिलुनची होडी, साडेदहा वाजता, तराफ्यापासून पाच मीटर, एक घरटं गेलं. मी लिहिलं नव्हतं कारण तो माझा मेहुणा आहे.

मंडळाचं पत्र मिलुनला गेलं. मिलुन अंगणात येऊन उभा राहिला.

"दाजी, तीस वर्षांत तू एक काम केलंस, आणि तेही माझ्या मुळावर आलं?"

"तुझ्यापासूनच सुरुवात करावी म्हटलं, घरचा माणूस."

मिलुन तडक निघून गेला. स्ताना तीन दिवस मुकी झाली. चौथ्या दिवशी भाजी वाढताना ती एवढंच म्हणाली, "लिहिलंस ते बरोबर केलंस. पण आता पुढच्या ईस्टरचं जेवण आपण दोघंच खाऊ, हे लक्षात ठेव."

एप्रिलच्या शेवटी तीन दिवस पाऊस पडला आणि डोंगरावरचं बर्फ एकदम वितळलं. तळं रात्रीतून वर आलं. सकाळी यागोश मचाणावर चढला तेव्हा मोठा तराफा एका बाजूनं पाण्यात कलला होता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो एकदम सुटल्यासारखा सरळ झाला, हळूच वळला आणि चालू लागला.

काय घडलं ते यागोशला तिथंच कळलं. दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं. तराफ्याला दोन नांगर होते. जानेवारीत, पक्षी यायच्या आणि यागोश मचाणावर बसायच्याही आधी, तेओदोरानं एकाचा दोर बांधला होता आणि दुसरा यागोशला बांधायला दिला होता. पंधरा मीटर दोर हवा, पाणी चढतं तेव्हा ढील लागते, असं तिनं दोनदा बजावलं होतं. मंडळाच्या होडीत नऊ मीटरच दोर होता. उरलेलं वेटोळं वर कोठीत पडलं होतं, धक्क्यापासून ऐंशी पायऱ्या चढून. यागोशनं त्या पायऱ्यांकडे पाहिलं होतं, तळ्याकडे पाहिलं होतं, आणि तळं शांत दिसलं होतं. आता पाणी चढल्यावर त्या आखूड दोरानं तराफा खाली ओढून धरला, आणि शेवटी दोर तुटला. तेओदोरानं बांधलेला नांगर चिखलातून नुसता फरफटत चालला होता.

त्यानं तेओदोराला फोन लावला. सखल भागातला रस्ता पाण्याखाली होता, ती दुपारनंतरच पोचू शकणार होती.

"ओढून आणू?" यागोशनं विचारलं.

"नाही. जवळ जाऊच नका, काका. पक्षी बसलेत ना अजून?"

"बसलेत. दहाच्या दहा."

"मग तराफा कुठं जातो ते जाऊ द्या. तो तरंगतोय तोवर ते उठणार नाहीत. तुम्ही फक्त होड्या लांब ठेवा. तीनशे मीटर. आणि स्वतःही तेवढेच लांब राहा."

वारा उत्तरेचा होता. तराफा उघड्या पाण्याकडे निघाला होता, जिथून सगळ्या होड्या जातात. पाठलाग करायचा तर होडी हवी, आणि त्या चढत्या पाण्यात टिकेल अशी होडी गावात एकाच माणसाकडे होती.

मिलुन धक्क्यावर पाणी उपसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मिलुन, तुझी होडी पाहिजे."

"वहीत लिहिणार का?"

"लिहीन. माझंही लिहायचंय. तराफा सुटलाय, दोर मी आखूड बांधला होता."

मिलुननं आता वर पाहिलं. दाजीला तो ओळखून होता. दाजी स्वतःवर कितीही विनोद करील, पण खरी चूक कबूल करताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं बादली खाली ठेवली आणि इंजिन सुरू केलं.

तराफ्यापासून तीनशे मीटरवर त्यांनी इंजिन बंद केलं. मग तेवढंच अंतर राखत वल्ही. यागोशनं सैन्यातून आल्यावर वल्हं हाती धरलं नव्हतं. अर्ध्या तासात त्याच्या तळहातांना फोड आले. तराफा एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखा पुढे चालला होता, त्यावर दहा मोठे पांढुरके पक्षी आपापल्या जागी मांडी ठोकून बसलेले, आणि मागून हे दोघं.

मिलुनला स्वस्थ बसवेना. "दाजी, एक लोखंडी आकडा टाकतो. पाच मिनिटांत ओढून जागेवर लावतो."

"बस."

"निदान पुढून जाऊन वळवू?"

"बस म्हटलं ना."

"तू जन्मभर बसलास ते कमी पडलं, म्हणून आता मला बसवतोस?"

"तुला येत नाही, म्हणून सांगतोय. तू हात मांडीखाली घे. बसण्यातलं मला कळतं."

मिलुननं खरंच हात मांडीखाली घेतले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "किती पायऱ्या होत्या?"

"ऐंशी."

"ऐंशी," मिलुन म्हणाला, आणि हसायला लागला. हसता हसता त्याला इतका ठसका लागला की यागोशनं वल्हं सोडून त्याचं तोंड दाबलं. तराफ्यावर एका पक्ष्यानं मान उंच केली. दोघं श्वास रोखून बसले. पक्ष्यानं मान पुन्हा पाठीवर टेकवली.

पलीकडच्या गावच्या कोळ्यांच्या दोन होड्या यागोशनं सदरा काढून हलवून मागं फिरवल्या. मग अकराच्या सुमारास टेकडीआडून अकॉर्डियन ऐकू आलं. वऱ्हाडाची मोठी होडी होती, तीसेक माणसं, नवरानवरी पुढच्या टोकाला, आणि ती सरळ तराफ्याच्या वाटेवर होती. मिलुननं इंजिन लावून तिला गाठलं. बनियनवर उभ्या असलेल्या यागोशकडे नवऱ्याचा बाप वरून खाली बघत राहिला. जाडजूड, लाल चेहऱ्याचा माणूस.

"माझ्या पोराच्या लग्नात कोंबड्यांसाठी वाजंत्री थांबवू?"

"कोंबड्या नाहीत, पेलिकन," यागोश म्हणाला. "अंड्यांवर बसलेत. आणि तुम्हाला थांबवायचं तोंड मला नाही, दोर माझ्याच चुकीनं तुटलाय. चूक माझी, पण उठले तर अंडी त्यांची जातील."

बाप काही बोलणार तेवढ्यात नवरीनं विचारलं, "किती अंडी?"

"पंधरा. दोन-तीन आधीच पाण्यात गेली असतील."

नवरीनं उंच टाचेचे बूट काढून हातात घेतले, जणू आवाज बुटांचाच होणार होता. तिनं फक्त सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं इंजिन बंद करायला सांगितलं. तीस माणसं वाऱ्यावर तरंगत लांबून पुढे सरकली. कुणी खोकलं नाही. अकॉर्डियनवाल्यानं भाता दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरला होता, सुटला तर सुस्कारा टाकील म्हणून. पार निघून गेल्यावर बापानं राकिया दारूचा ग्लास यागोशच्या दिशेनं उचलला आणि पिऊन टाकला.

चारच्या सुमारास तराफा एका खाडीत शिरला. पाण्याखाली गेलेल्या वाळुंजाच्या झाडांचे शेंडे तिथं वर डोकावत होते, त्यांत तो अडकला आणि थांबला. तेओदोरा पोचली तेव्हा मिलुन होडीच्या तळाशी पालथा झोपला होता आणि यागोश रक्ताळलेल्या हातांनी वल्हं धरून तसाच बसला होता. तिनं दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

"आठ घरट्यांत अंडी आहेत," ती म्हणाली. "दोन रिकाम्या घरट्यांवर पक्षी नुसतेच बसलेत. तराफा कलला तेव्हा घरंगळली असणार. दोर कसा तुटला?"

यागोशनं सांगितलं. नऊ मीटर, पंधरा मीटर, कोठी, पायऱ्या. या वेळी त्यात विनोद घालायचं त्याला सुचलं नाही, आणि ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

तेओदोरा रागावली. खरोखर रागावली. आवाज न चढवता ती म्हणाली, "काका, हे मी अहवालात लिहिणार."

"लिही. पायऱ्यांचा आकडा पण घाल."

"तुम्हाला काढून टाकायला हवं."

"हवं. पण माझ्या जागी कुणी कामसू घेऊ नकोस."

यावरही ती हसली नाही. पुढचा आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. काढलं मात्र नाही. कारण दया नव्हे, तर दुसरं कुणी मिळालंच नाही. मंडळानं मचाण खाडीसमोरच्या उतारावर हलवलं. लाकडं वाहायला गाव आलं, त्यांत यागोशही होता. तो ओझी उचलतोय हे बघायला चार माणसं नुसतीच उभी राहिली.

आठांपैकी एका घरट्यातली अंडी उबलीच नाहीत. बाकीच्या सात घरट्यांतून नऊ पिल्लं बाहेर आली, उघडीबोडकी, राखाडी आणि कमालीची कुरूप. यागोश रोज ती मोजायचा. पूर्वीचं ते वाक्य, कुणाचं बिघडवलं नाही म्हणायचं, त्यानं त्या एप्रिलपासून टाकून दिलं. कुणी विचारलंच तर सांगायचा, "तीन अंडी बिघडवली. त्याआधीचं मोजलेलं नाही."

मिलुन काही साधू झाला नाही. तो तीनशे मीटरवर होडी थांबवायचा, कारण वरून दाजी दुर्बीण लावून बसलेला असायचा. पर्यटक कुरकुरले की सांगायचा, याहून जवळ गेलात तर डोंगरावरचा तो राक्षस तुमचं नाव वहीत लिहितो, आणि एकदा नाव गेलं की सख्ख्या मेहुण्याचीही सुटका नाही. लोकांना ते फार आवडायचं. काही जण पक्ष्यांचे सोडून यागोशचेच फोटो काढायचे.

जूनमध्ये एका दुपारी स्ताना पहिल्यांदा मचाणावर आली. ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह घेऊन चढताना तिला धाप लागली होती. यागोशनं तिला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांना जुळवून दिली. तराफ्याच्या कडेला एक पिल्लू पंख फडफडवत होतं. उडी मारायचं, पाण्यात आपटायचं, पुन्हा वर चढायचं. स्ताना डोळा न काढता बघत राहिली.

"पडलं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "पुन्हा पडलं." 

यागोश तिच्यामागं उभा होता. ब्रेड थंड होता, चीज उन्हानं मऊ झालं होतं. तिला उठवून आपली जागा मागावी असं त्याला वाटलं, पण तिनं अजून बघून घ्यावं असंही वाटलं. म्हणून तो उभ्या उभ्याच जेवला.